घरगाडीच्या दाराची तपासणी

भावोजी, तुमच्या घरगाडीचं दार काल मी उतरवलं. ताईला विचारून उतरवलं, कारण तुम्हाला विचारायची सोय तुम्ही ठेवली नाहीत. तेरावा होऊन चार दिवस झाले. पाहुणे पांगले, तुमचा निखिल पुण्याला त्याच्या कामावर परत गेला, मांडववाल्याच्या खुर्च्या गेल्या आणि फरीदाबादच्या या घरात आम्ही दोघी बहिणीच उरलो. मी शाळेतून रजा घेतली आहे. परीक्षा तोंडावर असताना विज्ञानाच्या बाई घरी बसल्या म्हणून आमच्या मुख्याध्यापिका फुगल्या आहेत. फुगू देत.

दार का उतरवलं ते सांगते. गुडगावला शेतांतून काचेच्या इमारती उगवतायत ना, तिथल्या एका गृहस्थांना तुमची घरगाडी हवी आहे. ऑफिसातल्या मुलामुलींसाठी तिच्यात चहा-पराठ्यांचं दुकान थाटायचं म्हणतात. निखिल जाताना म्हणाला, "मावशी, देऊन टाका ना यार, वो डब्बा किती वर्षं तिथेच पडलाय." मला वाटलं, ताई रडेल किंवा भांडेल. तिने दोन्ही केलं नाही. "देईन," म्हणाली, "पण दार गळतंय तोवर नाही. ह्यांच्या हातची गळकी वस्तू मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही." तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढून तिचं बोलणंही तुमच्या कारखान्यातल्या तपासणी खात्यासारखं झालंय.

ती गाडी घरी आली तो दिवस मला अजून दिसतो. एका दूतावासात जुन्या सामानाचा लिलाव होता आणि तुम्ही लिहायचं टेबल आणायला गेला होतात. संध्याकाळी गल्लीत गलका झाला म्हणून आम्ही बाहेर आलो, तर तुमच्या अँबेसिडरच्या मागे हूक लावून एक अख्खी खोली येत होती. पांढरी, अ‍ॅल्युमिनियमची, दोन चाकांची. आत दोघांचं अंथरूण, एक शेगडी, एक इवलंसं बेसिन, दोन खिडक्या आणि एक दार. ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि टेबल?" तुम्ही म्हणालात, "आत आहे." खरंच होतं, भिंतीला दुमडून ठेवलेलं. त्यावर ती दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही आणि मी दोन दिवस हसत होते.

ते दिवसच तसे होते. रोज काहीतरी नवीन यायचं. कुणाच्या दारात नवी मोटार, कुणाचा नोएडात प्लॉट, माझाही मयूर विहारच्या सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट. तुम्ही मात्र जुनी वस्तू आणलीत, आणि तीही अशी, की तिचं करायचं काय हे गल्लीत कुणालाच कळेना. तुमच्या शेजारच्या चोप्राआंटींनी विचारलं, "भाईसाब, इसमें रहेगा कौन?" तुम्ही म्हणालात, "पहले दरवाजा तो बंद हो जाए."

कारण दार तेव्हापासूनच गळत होतं. त्याच्या कडेचं मूळचं रबर वाळून पापडासारखं झालं होतं. तुम्ही फ्रीजच्या कारखान्यात दारं तपासणारे. तुम्हाला आयतीच संधी मिळाली. आमच्या शाळेत मी कितीदा तुमचं उदाहरण दिलंय: एक माणूस दिवसभर फ्रीजची दारं लावतो आणि उघडतो, दारात कागदाची पट्टी धरतो, दार लावून पट्टी ओढतो. अडली तर दार पास, सुळकन सरकली तर नापास. मुलांना हे फार आवडतं. एकाने विचारलं होतं, "मॅम, पूरे दिन बस यही?" मी म्हटलं, बेटा, नीट केलं तर दिवस पुरत नाही.

घरी तुम्ही ही तपासणी मराठी कॅलेंडरच्या पानांवर करायचात. पुण्याहून तुमच्या आत्या दरवर्षी ते पाठवायच्या. महिना संपला की पान ताईच्या हातात पडायच्या आत तुम्ही त्याच्या पट्ट्या कापायचात. ताईला पानामागच्या पाककृती हव्या असायच्या. तिच्या वहीत निम्म्या पाककृती अर्ध्याच आहेत त्या तुमच्यामुळे. अनारशांची तर नुसती तयारी आहे, तळण नाही.

पहिल्या हिवाळ्यात आपण ती गाडी घेऊन पानिपतला गेलो. संक्रांतीला काला अंबला दिल्लीतली मराठी माणसं जमतात म्हणून तुम्ही हट्टच धरलात. तिथे स्मारकापाशी आपण डोकी टेकली, आणि मग तुम्ही अनोळखी माणसांना बोलावून बोलावून गाडीत चहा पाजलात. मुखर्जीनगरला स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी लातूरकडची पोरं होती, ती तर दार लावून आत बसली आणि थंडी लागेना म्हणून उठेचनात. तुमचा चेहरा असा खुलला होता की ताईने तिथेच तुम्हाला टेबल माफ केलं. परतीच्या वाटेवर पाऊस लागला, तो इथला हिवाळी, बोचरा पाऊस. घरी येऊन पाहतो तो दाराजवळची गादी ओलीचिंब.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. पाणी उंबरठ्याशी साचलं होतं, म्हणून तुम्ही म्हणालात की ते खालून येतं. चाकं पाणी उडवतात आणि ते दाराच्या खालच्या फटीतून आत शिरतं. मी म्हटलं, पाणी दिसतं तिथूनच आलेलं असतं असं नाही. ते वरून येतं, चौकटीतून ओघळतं आणि खाली दिसतं. तुम्ही म्हणालात, "मास्तरीणबाई, पुस्तकातलं पाणी वेगळं." मी म्हटलं, "आणि फ्रीजमधलं?" सहा-सात वर्षं चाललं हे भांडण. दर रविवारी मी बसने दोन तास धक्के खात इथे यायचे, ते ताईच्या हातचं जेवायला हे खरं, पण तुमच्याशी भांडायला हेही खरं. आता कबूल करायला काय हरकत आहे?

आणि तुम्ही चुकलातही कसे झोकात! कारखान्यातून नापास झालेलं फ्रीजचं गॅस्केट आणलंत, पोटात लोहचुंबक असलेलं ते रबर, आणि दाराच्या चारी कडांना बसवलंत. दार लावलं, तर चिकटेना. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे माझ्या सातवीच्या वर्गाला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही होतंच. पण फ्रीजच्या दारांत उभं आयुष्य गेल्यावर हाताला लोखंडाचीच सवय. मी पोट धरून हसले. तुम्ही हार मानलीत का? चौकटीभोवती पोलादी पट्टी रिव्हेट मारून बसवलीत, आणि मग दार असं चिकटलं की उघडायला दोघं लागले.

पुढची गंमत आपल्या दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. फरीदाबादच्या हवेत जितकी धूळ तितकाच लोखंडाचा कीस. आसपास सगळीकडे लेथ चालतात. मे महिन्यातल्या पहिल्या आंधीनंतर दार उघडलं, तर चुंबकाने सगळा कीस ओढून घेतला होता. दाराला काळ्याभोर मिशा फुटल्या होत्या. तुम्ही रागावायच्या ऐवजी भिंग आणलंत. दोघं उन्हात बसून अर्धा तास त्या मिशा बघत होतो, कुठला कण गंजलाय आणि कुठला ताजा. ताईने खिडकीतून विचारलं, "जेवायचंय की तेच खायचंय?" माझ्या ओळखीत असा दुसरा माणूस नाही, भावोजी, ज्याला स्वतःची चूक इतकी बघण्यासारखी वाटते.

आता ते सांगते जे सांगायचं टाळत आले.

तुमचा कारखाना परदेशी कंपनीकडे गेला. नवे रंगीत फ्रीज आले, तपासायला यंत्रं आली आणि तुमच्या खात्यातल्या सगळ्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले. तुम्ही सही करून घरी आलात आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दारापाशी. पोलादी पट्टी तोवर गंजली होती, तिच्याखाली अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी झाली होती, गळणं तसंच. ताई फोनवर मला म्हणायची, "दिवसभर तिथेच असतात गं. बोलत नाहीत." गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतरचा तो रविवार. मी आले ती आधीच करवादलेली. तुम्ही खालच्या फटीत पांढरं सीलंट भरत होतात, चौथ्यांदा. मी पुन्हा माझं वरच्या पाण्याचं पालुपद लावलं. तुम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं केलंत. तेव्हा मी ताईसमोर म्हणाले, "कारखान्याला तुमची तपासणी नको झाली, म्हणून इथे दार-दार खेळत बसलायत. दार नाही गळत, भावोजी, तुम्हाला रिकामपण सोसत नाही."

तुम्ही नळीचं टोपण लावलंत, हात पुसलेत आणि म्हणालात, "चहा घेऊ या." त्यानंतर माझ्यासमोर त्या दाराचं नाव तुम्ही काढलं नाहीत. मीही नाही. आपण राजकारणावर बोललो, निखिलच्या लग्नावर बोललो, माझ्या फ्लॅटच्या ओलीवर बोललो. दर रविवारी मी ठरवून यायचे की आज माफी मागायची, आणि दर रविवारी तुम्ही इतके नेहमीसारखे वागायचात की मला वाटायचं, जाऊ दे, विसरले असतील. गाडीवर ताडपत्री टाकलेली दिसायची. मी समजले की मी तुमचं ते काम बंद पाडलं. रुग्णालयात तुमच्या उशाशी बसून होते तेव्हाही जिभेवर होतं. नर्सने बाहेर काढलं आणि राहिलं.

म्हणून काल दाराजवळ गेले ती खरं तर पोलिसांसारखी गेले. मला बघायचं होतं की त्या दिवसानंतर तुमचा हात दाराला लागला होता की नाही. ताडपत्री काढली. दार सहज उघडलं, आणि तिथेच मी बुचकळ्यात पडले. चुंबक कुठे होता? पोलादी पट्टी नव्हती. रिव्हेटची भोकं एकेक करून बुजवलेली होती. चारी कडांना मोटारीच्या दाराला असतं तसं साधं पोकळ रबर होतं, काळं आणि मऊ. दारावर, चौकटीच्या माथ्याला, एक छोटी पन्हळ होती. ती फ्रीजखालच्या पाण्याच्या ट्रेमधून कापून केलेली, हे ओळखायला मला भिंग लागलं नाही. वरून येणारं पाणी बाजूला काढायची पन्हळ! माझं वरचं पाणी! आणि खाली, जिथे तुम्ही चार वेळा सीलंट भरलं होतं, तिथे ते सगळं खरवडून काढून दोन बारीक भोकं पाडली होती, आलेलं पाणी निघून जायला.

कधी केलंत हे? मी रबरात नखं घालून कोपरे तपासत गेले. वरच्या कोपऱ्यात एक कागद अडकला होता. ओढला तर अडला, म्हणजे पास. पुन्हा ओढला तेव्हा फाटून हातात आला. कॅलेंडरची पट्टी. तिच्यावर नागपंचमी होती आणि साल गेल्या वर्षीचं होतं. गेल्या श्रावणातली पट्टी, भावोजी. मी तोंड सोडलं त्याच्यानंतर आठ-नऊ महिन्यांची.

मी तशीच ताईकडे स्वयंपाकघरात गेले. ती तांदूळ निवडत होती. पट्टी तिच्यापुढे धरली.

"हे कधी केलं त्यांनी?"

"केलं की. तुझा रविवार सोडून रोज करत होते. शनिवारी ताडपत्री टाकायचे."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं, मंजूला सांगा, तिचं ऐकलंत म्हणून. तर म्हणाले, आधी पाऊस होऊ दे. तपासल्याशिवाय पास म्हणायचं नाही. तो श्रावण गेला कोरडा. मग या जानेवारीत पाऊस झाला, तर परत गळलं. एवढंसं तोंड करून बसले होते."

मी विचारलं, "ताई, त्या दिवशी मी बोलले ते त्यांना लागलं होतं का?" मला वाटलं, ती नाही म्हणेल. आपल्याकडे माणूस गेल्यावर सगळे नाहीच म्हणतात.

"लागलं होतं," ताई म्हणाली. "खोटं कशाला सांगू? आठवडाभर नीट जेवले नाहीत. मग एका सकाळी उठून म्हणाले, पण ती म्हणते ते एकदा करून बघायला पाहिजे."

तांदळाचं ताट मी तिच्या हातातून घेतलं आणि निवडत बसले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. मला तुमचा राग आला होता, हेही सांगून टाकते. माझं म्हणणं करून बघता, आणि मला त्यातून वगळता? मग वाटलं, माझ्यावर विश्वास होता म्हणूनच तर तुम्हाला कच्चा निकाल मला दाखवायचा नव्हता. मग वाटलं, नाही, तुम्हाला फक्त कुतूहल होतं, लागलेलं बाजूला ठेवून पाणी कुठून येतं ते बघायचं होतं. यातलं खरं कोणतं? तुम्हाला न विचारता मी हे ठरवू कसं?

पण एक गोष्ट विचारता येत होती, आणि ती दारालाच. जेवणं उरकून मी ताईला टॉर्च देऊन आत बसवलं, दार लावलं आणि बाहेरून बागेचा पाइप धरला. आधी फक्त खालच्या फटीवर. "काही नाही," आतून ताईची क्षीण हाक. मग फक्त माथ्यावर, पन्हळीवर. "काही नाही गं." भावोजी, खालचं तुम्ही बंदोबस्तात ठेवलं होतं आणि वरचंही. आता उरल्या बाजू. कुलपाची बाजू कोरडी. मग पाइप बिजागरीच्या बाजूला वळवला, आणि ताईने दारावर धपाधप हात मारले. "आलं! मंजू, आलं! उंबरठ्याशी आलं!" नवरा जाऊन सोळा दिवस झालेली बाई पाणी आलं म्हणून अशी ओरडत होती की चोप्राआंटी गच्चीवर आल्या.

तेव्हा मी दार उतरवलं. त्याची बिजागरी म्हणजे दाराच्या उंचीची एकच लांब पट्टी, वीस-बावीस स्क्रूंची. एकेक काढत गेले. मधले तीन स्क्रू गंजून सुतळीएवढे झाले होते आणि त्यांच्यामागचं, पत्र्याआडचं लाकूड काळं पडलं होतं. पाणी त्या तीन भोकांतून दाराच्या पोटात शिरत होतं, आतल्या आत खाली उतरत होतं आणि उंबरठ्याशी बाहेर येत होतं. खालून नाही, वरून नाही. मधून. सहा-सात वर्षं आपण दोघं त्या दाराच्या दोन टोकांना उभे राहून भांडलो, आणि मध्ये बघायचं कुणालाच सुचलं नाही. मला इतका आनंद झाला, की हातातला स्क्रूड्रायव्हर टाकून मी घराकडे वळलेच तुम्हाला बोलवायला. दोन पावलं गेले.

आज सकाळी काश्मिरी गेटच्या मोटारसामानाच्या बाजारात जाऊन साहित्य आणलं. दुकानदार म्हणाला, "बहनजी, गाडी कौनसी है?" मी म्हटलं, "गाडी नहीं, घर है." "तो बढ़ई को बुलाइए." "पहियेवाला घर है." त्याने बसच्या खिडक्यांना लावतात ती चिकट, न वाळणारी पट्टी काढून दिली. कुजलेलं लाकूड कोरून तिथे सागाचे तुकडे बसवले, बिजागरीच्या मागे ती पट्टी लावली, प्रत्येक भोकात सीलंट, नवे स्क्रू. तुमच्या रबराला, पन्हळीला, भोकांना हात लावला नाही. ती बरोबर आहेत.

दुपारी शेवटची तपासणी केली. या वेळी आत मी, बाहेर पाइप घेऊन ताई. दहा मिनिटं तिने चारी बाजूंनी पाणी मारलं. मी टॉर्च घेऊन उंबरठ्याशी गुडघ्यांवर बसले होते. बिजागरीच्या कडेने बोट फिरवलं, कोरडं. उंबरठ्यावर तुमच्या कॅलेंडरची एक पट्टी टेकवली, कोरडी. पास, भावोजी. आता पास.

मग तिथेच, अंथरुणाच्या कडेला बसून, मी मोठ्याने म्हटलं, "माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं."

बाहेर ताईने पाइप खाली केला. "काही म्हणालीस का? गळतंय का?"

नाही म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. मी दार उघडलं. "गळत नाही," मी म्हटलं. "ताई, मी त्यांना फार वाईट बोलले होते गं."

"मी होते ना तिथे," ताई म्हणाली. तिने जाऊन नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि दाराच्या पायरीवर माझ्या शेजारी जागा करून बसली.

"आता सांग," म्हणाली.

तुम्हाला जे सांगायचं होतं ते सगळं मी तिला सांगितलं.